उतारावरचे गवत आणि ट्रॅक्टर

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा 'ट्रॅक्टर' हे उत्तर ऐकून ते क्षणभर घोटाळले. निवृत्त शिक्षकाने संमेलनात मुलांच्या संस्कारांविषयी किंवा फार तर व्यसनमुक्तीविषयी बोलावे, अशी आपल्याकडे रीत पडून गेलेली आहे. शिवाय आम्ही पडलो मॅट्रिक. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध चौथीच्या पुस्तकातील तरफ आणि कप्पी यांच्यापलीकडे कधी गेला नाही. तरीही हा विषय आम्ही घेतला आहे, त्यास कारण आहे. व्यासपीठावरील ही फळी आणि ही वीट पाहून अध्यक्षांनाही नवल वाटले असेल. त्यांचा खुलासा ओघाने होईल.

आपल्या समाजातील कितीतरी घरांचा गवताशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. वाडा, शहापूर, मुरबाड या बाजूस पाऊस सरला की माळ आणि डोंगरउतार गवताने भरून जातात. दसरा उलटला की कापणी लागते. कापलेले गवत जागेवरच वाळते, मग वखारीत दाबून त्याच्या गाठी बांधतात, आणि भाताच्या पावलीबरोबर ते मुंबईकडील तबेल्यांना जाते. आज मुंबईत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांच्या शाळेची फी याच गवताने भरलेली आहे. आमच्या बालपणी हे गवत माळावरून भाऱ्यांनी, डोक्यावरून उतरत असे. जेथे गाडीवाट असे तेथे बैलगाडीने. त्या काळाची आम्हांस मुळीच ओढ नाही. आमच्या मातोश्रींच्या मानेचे दुखणे त्या भाऱ्यांनीच दिलेले होते आणि ते अखेरपर्यंत गेले नाही. म्हणून ट्रॅक्टर आला तेव्हा ज्यांना आनंद झाला त्यांत आम्हीही होतो.

सन २०१३ मध्ये आमचा एक माजी विद्यार्थी बँकेच्या कर्जाने ट्रॅक्टर घेऊ लागला. त्याचा अर्ज आम्हीच लिहून दिला. मुलगा शांत, कष्टाळू, हिशेबाला चोख. चार वर्षे त्याने ट्रॅक्टर चालविला आणि कधी कोणाचा बांधसुद्धा फोडला नाही. सन २०१७ च्या दिवाळीनंतर तो माळावरून गवताने भरलेली ट्रॉली तिरकी उतरवीत होता. पावसाच्या पाण्याने पडलेली एक घळ कापलेल्या गवताखाली झाकली गेली होती. खालच्या अंगाचे मागील चाक तीत गेले. त्याच क्षणी वरच्या अंगाचे चाक एका वारुळावर चढले. मागून भरलेल्या ट्रॉलीचा रेटा होताच. ट्रॅक्टर कलंडला आणि पालथा झाला. शेजारच्या शेतातील दोघांनी ते पाहिले. ते धावत पोहोचले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. मुलाचे वय एकतीस होते.

त्या घरी आम्ही समाचारास गेलो असता जमलेली मंडळी नेहमीप्रमाणे बोलत होती. कोणी म्हणाले, उडी मारावयास हवी होती. कोणी म्हणाले, आजकालच्या मुलांना घाई फार. त्याची आई कोपऱ्यात बसून सर्व ऐकत होती. बऱ्याच वेळाने तिने आम्हांस एवढेच विचारले, "गुरुजी, मग त्याचं चुकलं कुठं?" आम्ही चाळीस वर्षे मुलांची चूक दाखविण्याचा पगार घेतला, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्याचा मृत्युलेख मंडळाने आमच्याकडूनच लिहून घेतला. त्यात 'दैवदुर्विलासाने' असा शब्द आम्ही योजिला होता. तो छापूनही आला.

तो शब्द आज आम्ही परत घेत आहोत. आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन एवढेच आहे.

आता ही फळी पाहावी. हिच्यावर वीट आडवी ठेवली आहे. फळीचे एक टोक आम्ही हळूहळू उचलतो. वीट सरकेल, पण पडत नाही. आता तीच वीट उभी ठेवू. फळी थोडी उचलताच ती पडली. वीट तीच, वजन तेच, फळीही तीच. बदलली ती वजनाची उंची आणि बैठकीची रुंदी. गवंडी ओळंबा धरतो हे सर्वांनी पाहिलेले आहे. वस्तूच्या वजनाच्या मध्यापासून ओळंबा सोडला असता तो जोवर तिच्या बैठकीच्या आत पडतो तोवर ती उभी राहते. बैठकीबाहेर गेला की तिला कोणी सावरू शकत नाही. ट्रॅक्टर मोटारीपेक्षा पुष्कळ उंच असतो, कारण त्याला पिकावरून आणि चिखलातून जावयाचे असते. आणि दुसरी गोष्ट आम्हांस स्वतःला फार उशिरा समजली. ट्रॅक्टरला चाके चार दिसतात. पण पुढचा आस मध्यभागी एका खिळीवर झुलता बसविलेला असतो. खाचखळग्यांत चारही चाके जमिनीला टेकून राहावीत म्हणून तशी योजना आहे. त्यामुळे तोलाच्या दृष्टीने ट्रॅक्टर चौरंगासारखा नसून तिपाईसारखा असतो: मागे दोन पाय, पुढे एक. तिपाईच्या कडेवर बसलेले मूल कसे आपटते हे प्रत्येक आईस ठाऊक आहे.

यात उताराने भर पडते. तिरप्या वाटेवर ओळंबा आधीच खालच्या चाकाकडे सरकलेला असतो. वरचे चाक वारुळावर चढले किंवा खालचे खड्ड्यात गेले की उरलेले अंतर संपते. गवताच्या रानात तर धोंडा, वारूळ, घळ यांतील काहीच दिसत नाही. नांगरटीच्या शेतात दिसते. गवत स्वतः निसरडे, विशेषतः सकाळचे दव असताना. आणि गवताचा बोजा! तो हलका असतो म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण गवत ट्रॉलीवर दोन-दोन पुरुष उंच रचले जाते, आणि वजन कमी असले तरी ते वर असते. उभ्या विटेची गोष्ट ती हीच.

वळणाचा हिशेबही सांगतो, कारण तो आपल्या मुलांना शाळेत शिकवितात आणि शेतावर कोणी लावीत नाही. वेग दुप्पट केला तर वळणावर बाहेर फेकणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून सपाट रस्त्यावर जे वळण सहज घेता येते, तेच तिसऱ्या खेपेस, जेवणाची वेळ टळून गेलेली असताना, घात करते.

"उडी मारावयास हवी होती" या म्हणण्याकडे येऊ. चढावर जड ओझे ओढताना ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो, हा अपघाताचा दुसरा प्रकार. त्यात सुमारे पाऊण सेकंदाच्या आत अशी स्थिती येते की त्यानंतर क्लच दाबूनही उपयोग नाही, आणि दीड सेकंदात ट्रॅक्टर पूर्ण पालथा होतो. आम्ही आता एक टाळी वाजवितो आणि लगेच दुसरी. एवढ्या अवकाशात माणसाने धोका ओळखायचा, पाय उचलायचा आणि उंचावरून लांब उडी घ्यावयाची! कडेला कलंडणाऱ्या ट्रॅक्टरवरून उडी टाकणारा तर बहुधा ज्या अंगाला ट्रॅक्टर येणार त्याच अंगाला पडतो. त्या मुलाने उडी मारली नाही ही त्याची चूक नव्हती. जे कोणाही माणसाच्या शक्तीबाहेरचे आहे ते न करणे यास चूक म्हणत नाहीत.

मग चूक कोणाची? हे कोडे इतर देशांनी फार पूर्वी सोडविलेले आहे. स्वीडन देशात थंडीत जनावरांना घालण्यासाठी गवत साठवितात आणि जंगलातील लाकूड ट्रॅक्टरने ओढतात; तेथे माणसे अशीच मरत असत. ट्रॅक्टर उलटणार हे त्यांनी गृहीत धरले, आणि उलटला तरी चालकाच्या अंगावर येऊ नये अशी पोलादी चौकट त्याच्या बैठकीभोवती बसविण्याचे ठरविले. सन १९५९ पासून तेथे नव्या ट्रॅक्टरला अशी चौकट कायद्याने सक्तीची झाली. पुढील काही दशकांत त्या देशात उलटलेल्या ट्रॅक्टरखाली मरणे जवळजवळ बंद झाले. ट्रॅक्टर उलटावयाचे थांबले असे नव्हे. माणसे उठून घरी जाऊ लागली. ब्रिटनने १९७० पासून नव्या ट्रॅक्टरला ही योजना लावली. अमेरिकेत १९८५ पासून कारखानदारांनी वीसहून अधिक अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर ती आपण होऊन द्यावयास आरंभ केला. आणि ज्या १९५९ साली स्वीडनने हा कायदा अंमलात आणला, त्याच साली फरिदाबाद येथे भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर कारखान्यातून बाहेर पडला. आज जगात सर्वांत जास्त ट्रॅक्टर आपल्याच देशात तयार होतात. चौकटीच्या चाचणीचे भारतीय मानकही आहे. तरी आपल्या तालुक्याच्या बाजारात उभे असलेले ट्रॅक्टर पाहावेत. बहुतेकांवर चालकाच्या डोक्यावर आकाश असते.

किंवा छत असते, आणि हे अधिक फसवे आहे. उन्हापावसासाठी चार नळ्यांवर बसविलेले छत पाहून घरच्यांना वाटते की आपला मुलगा आत सुरक्षित आहे. त्या नळ्या ट्रॅक्टरच्या वजनाखाली उसाच्या कांड्याप्रमाणे मोडतात. आमच्या विद्यार्थ्याच्या ट्रॅक्टरवर असेच छत होते. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात चौकट बनवून घेण्याचा विचारही कोणी करू नये. खरी चौकट त्या-त्या मॉडेलसाठी बनविलेली असते, वजन टाकून आणि धडक देऊन तपासलेली असते, आणि ठरलेल्या जातीच्याच बोल्टांनी बसवावी लागते. तिच्याबरोबर पट्टा बांधला पाहिजे. नाही तर चालक तिच्या आधाराबाहेर फेकला जातो. उलट, चौकट नसेल तर पट्टा बांधू नये. दुमडणारी चौकट दुमडून ठेवली असेल तरीही बांधू नये. ही गोष्ट काहींना विपरीत वाटेल, पण क्षणभर विचार केल्यास उमजेल.

स्वित्झर्लंडमधील डोंगरी शेतकऱ्यांविषयी आम्ही वाचले आहे. गवत हेच त्यांचे मुख्य पीक, आणि उतार आपल्या माहुली-माळशेजच्या बाजूसारखे. त्यांनी उतारासाठी वेगळीच यंत्रे घडविली आहेत: बुटकी, रुंद, चारही चाकांनी ओढणारी. काही जण चाकांना बाहेरून दुसरी जोडचाके लावून बैठक रुंद करतात. आणि ऊरी नावाच्या परगण्यात फार उभ्या कड्यांवरील गवत आजही लांब दांड्याच्या विळ्याने हातानेच कापतात आणि भारे तारेवरून खाली सोडतात. एवढा धनवान देश, एवढी यंत्रे, तरी काही कडे त्यांनी यंत्रास दिलेले नाहीत. आपल्याकडे मात्र ट्रॅक्टर घेतला की त्याचा हप्ता फेडण्यासाठी तो प्रत्येक माळावर चढलाच पाहिजे, अशी समजूत होऊन बसली आहे. हप्त्याची चिंता खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. तो अर्ज आम्हीच लिहिला होता.

चौकट येईपर्यंत काय करावे, हे आम्ही जाणत्या यंत्रज्ञांस विचारले. त्यांच्या सांगण्यातील जे आपल्या माळांना लागू पडते तेवढे सांगतो. ओढावयाचे ओझे नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावे. रुतलेली ट्रॉली काढताना साखळी वर, टॉप लिंकच्या जागी, अडकविण्याची आपल्याकडे खोड आहे. पुढची चाके उचलली की पोरे टाळ्या वाजवितात. पाऊण सेकंदाचा हिशेब तेव्हा आठवावा. उतरताना गिअर आधीच हलका टाकावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करून गाडी सोडणारे वीर आम्ही पाहिले आहेत. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, आणि उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला हाकू लागते. ब्रेकची दोन पॅडल शेतात वळण्यासाठी सुटी करतात, ती माळावर आणि रस्त्यावर कडीने जोडलेली असावीत. एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर जागीच फिरतो. मागची चाके रुंद बसविता येतात, ती गवताच्या हंगामापुरती तरी रुंद करून घ्यावीत. आणि गवत कापण्यापूर्वी, उभे असतानाच, कोणीतरी काठी घेऊन वाट पायाखालून घालावी आणि वारुळाला नि घळीला झेंडी लावावी. त्या मुलाच्या वाटेवर आम्ही पुढे जाऊन आलो. घळ दीड हात खोल होती. एका सकाळचे काम होते.

माणसे बसविण्याविषयी थोडे कठोर बोलावे लागते. संध्याकाळी कापणीच्या बाया गवताच्या वर बसून घरी येतात, हे दृश्य आपणांस सवयीचे झाले आहे. त्या बहुधा आपल्या समाजाच्या नसतात. मजुरीवर आलेल्या असतात. म्हणून त्यांच्याविषयी आपल्या स्मरणिकेत कधी मृत्युलेख येत नाही. मडगार्डवर लहान नातवास बसवून मिरविणारे आजोबा मात्र आपलेच असतात. चौकट वाचविते ती एका बैठकीवरील एका माणसास. मडगार्डवरील मुलास ती वाचवू शकत नाही.

आता मंडळाच्या कारभाराकडे वळतो. आपण दरवर्षी शिष्यवृत्त्या देतो, गुणवंतांचा सत्कार करतो आणि दिवंगतांसाठी दोन मिनिटे उभे राहतो. हे सर्व उत्तमच आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात २००६ पासून एक योजना चालू झाली: जुन्या ट्रॅक्टरवर चौकट बसविणाऱ्या शेतकऱ्यास खर्चाचे शंभरातील सत्तर परत मिळावयाचे. तेथील तज्ञांच्या ध्यानात आले होते की शेतकऱ्यास धोका माहीत नसतो असे नाही. पण पैसे काढावयाची वेळ आली की बियाणे पुढे जाते आणि चौकट मागे राहते. आपल्याकडे याहून वेगळे काय आहे? सरकारने सक्ती करावी, असे आम्हांसही वाटते, आणि तसा ठराव मंडळाने अवश्य पाठवावा. परंतु ठरावाची पोच येईपर्यंत दोन-चार दिवाळ्या जातील. मंडळाच्या कल्याणनिधीतून सभासदास चौकटीच्या खर्चाचा अर्धा वाटा द्यावा, अशी आमची सूचना आहे. कार्यकारिणीत तिला दोन वेळा विरोध झाला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की निधी विद्येसाठी आहे, लोखंडासाठी नाही. त्यांचा हेतू शुद्ध आहे, हे आम्ही जाणतो. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की त्या मुलाच्या दोन मुलींना आपण २०१८ पासून शिष्यवृत्ती देत आहोत आणि पुढेही देत राहू.

त्या घरातील ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आता धाकटा भाऊ चालवितो. दुसरा उपाय नव्हता; कर्ज उरले होते. सन २०१९ मध्ये त्याने चौकट बसवून घेतली. त्याच्या मॉडेलची चौकट मिळते, हे विक्रेत्याने विचारल्यावाचून सांगितले नव्हते. चौकट बसली, तर अंगणातील आंब्याच्या फांदीस ती अडू लागली. भाऊ म्हणाला, दुमडून ठेवू, माळावर गेल्यावर उभी करू. त्याच्या आईने काही न बोलता शेजाऱ्याकडून करवत मागून आणली. आंबा चांगला लागता होता. आम्ही गेलो तेव्हा फांदीचा तुकडा गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला होता. आम्ही तिच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर तिला त्या दिवशी दिले, आणि आमच्या लेखातील शब्द चुकीचा होता हेही सांगितले. तिने चहा केला.

भोजनाची वेळ होत आली आहे. आमच्यापाशी ही वही आहे. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी पंक्तीस बसण्यापूर्वी आपले गाव, ट्रॅक्टरचे मॉडेल आणि घेतल्याचे साल तीत लिहावे; चौकट मॉडेलप्रमाणे मागवावी लागते आणि एकदम मागविल्यास भावात सवलत मिळण्याचा संभव आहे. ज्यांचा ट्रॅक्टर गावी भाऊ किंवा पुतण्या चालवितो, अशा मुंबईकर मंडळींनीही लिहावे. मॉडेल ठाऊक नसेल तर आताच फोन करून विचारावे. कापणीस अजून तीन महिने आहेत.